जहाज बघायचं की मार्ग?

नाशिकहून एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून थोडक्यात देते.

त्यांचा मुलगा, सून आणि ११ व ७ वर्षांची दोन नातवंडं सिअ‍ॅटलजवळ राहतात. येत्या जूनमध्ये त्या आणि त्यांचे यजमान तिकडे जाणार आहेत आणि सहाही जणांनी मिळून अलास्काची ७ रात्रींची क्रूझ करायची असं ठरलंय. मुलानं दोन जहाजं निवडून ठेवलीत. एक नवंकोरं, चार हजारांवर प्रवासी नेणारं. ते सिअ‍ॅटलहून निघतं आणि सिअ‍ॅटललाच परत येतं. जूनो, स्कॅगवे, केचिकन आणि कॅनडातलं व्हिक्टोरिया अशी चार बंदरं, शिवाय एक दिवस एन्डिकॉट आर्म नावाच्या चिंचोळ्या खाडीत हिमनदी बघायची. दुसरं जहाज वीसेक वर्षांचं, निम्म्या आकाराचं, कॅनडातल्या व्हँकूवरहून निघून तिथेच परत येणारं. बंदरं तीनच, पण एक अख्खा दिवस ग्लेशियर बे नॅशनल पार्कमध्ये. पैसे जवळपास सारखे. त्या पैशांत नव्या जहाजावर बिनखिडकीच्या केबिन मिळतात, जुन्यावर बाल्कनीच्या. यजमानांना ग्लेशियर बे हवाय, सुनेला नवं जहाज. मुलगा कुणाच्याच बाजूनं बोलत नाही. बाई लिहितात : “मला कसारा घाटात गाडी लागते, जहाजाचं तर विचारूच नका. मी दोघांनाही म्हटलं, तुम्ही ठरवाल ते. आता दोघंही माझ्याच तोंडाकडे बघतायत. चार बंदरं सोडून तीन का घ्यायची आणि जुन्या जहाजावर एवढे पैसे का घालायचे, ते मला कळत नाही. पण यांनी आजवर स्वतःसाठी काही मागितलेलं नाही, हेही दिसतं. सुनेला पोरांची हौस आहे, तिला नाराज करवत नाही. मुलगा शुक्रवारी पैसे भरणार आहे.”

ताई, नमस्कार.

पत्रासोबत तुम्ही दोन्ही जहाजांचा दिवसवार कार्यक्रम जोडलात, फार बरं केलंत. क्रूझबद्दल विचारणारी मंडळी जहाजाचे फोटो दाखवतात, पाण्याच्या घसरगुंड्या दाखवतात, बुफेत काय काय असतं ते सांगतात. जहाज कुठल्या गावाला किती वाजता लागतं आणि किती वाजता सुटतं हे विचारलं की फोन चाळायला लागतात. तुमच्याकडे तो कागद आहे, तर तिथूनच सुरुवात करू.

दोन रकाने पाडा. नवं जहाज : जूनो दुपारी १.३० ते रात्री १०, स्कॅगवे सकाळी ७ ते संध्याकाळी ६, केचिकन सकाळी ७ ते दुपारी १, व्हिक्टोरिया रात्री ८ ते १२. बेरीज साडेएकोणतीस तास. जुनं जहाज : जूनो दुपारी १ ते रात्री १०, स्कॅगवे सकाळी ७ ते रात्री ९, केचिकन सकाळी १० ते संध्याकाळी ६. बेरीज एकतीस तास. तुम्ही ज्याला चार विरुद्ध तीन म्हणत होतात, त्यात तीनवाल्यांचे दीड तास जास्तच भरतात. आणि जहाज सुटायच्या किमान अर्धा तास आधी सगळ्यांना आत यावं लागतं, तो अर्धा तास चार ठिकाणी जातो की तीन ठिकाणी, हेही धरा.

व्हिक्टोरियाचं तर वेगळंच आहे. अमेरिकेत १८८६ सालचा एक कायदा आहे. परदेशात नोंदलेल्या जहाजानं अमेरिकेच्याच दोन बंदरांमध्ये उतारू वाहायचे नाहीत, अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परत यायचं तर वाटेत एक परकं बंदर घ्यायचं. मोठी क्रूझ जहाजं बहुतेक सगळी बहामा, पनामा, बर्म्युडा, नेदरलँड्स अशा देशांत नोंदलेली असतात. म्हणून सिअ‍ॅटलची जहाजं परतीच्या वाटेवर, शेवटच्या रात्री, बॅगा भरून दाराबाहेर ठेवायच्या वेळेला व्हिक्टोरियाला टेकतात. गाव सुरेख आहे. पण जूनमध्ये तिथे नऊ-सव्वानऊपर्यंत उजेड असतो, प्रसिद्ध बुचार्ट गार्डन्स बंदरापासून अर्ध्या-पाऊण तासावर, आणि सात वर्षांचं पोर त्या वेळी झोपेला आलेलं. हे बंदर जमेला धरूच नका. तुमच्या जुन्या जहाजाला ही खटपट नाही, कारण ते कॅनडातूनच निघतं.

हा हिशेब मी तुम्हाला एवढ्यासाठी करायला लावला की ‘चार बंदरं’ हे वजन मनातून उतरावं. नुसत्या दीड तासासाठी मी काही जहाज बदलायला सांगणार नाही. जूनोला दोन्ही जहाजं दुपारनंतरच पोचतात, आणि तेही चालतं. जूनमध्ये तिथे जवळपास १८ तास उजेड असतो, त्यामुळे संध्याकाळी सहाला देवमासे बघायला बोटीनं निघालात तरी अंधाराची भीती नाही. मेंडेनहॉल हिमनदी गावापासून वीसेक किलोमीटरवर आहे, बसनं जाऊन येता येतं. स्कॅगवेला दोन्हीकडे वेळ पुरेसा. कॅनडातल्या क्लोंडाइकच्या सोन्यासाठी माणसं धावली तेव्हा, १८९८ ते १९०० या काळात, डोंगर फोडून घातलेली व्हाइट पासची छोटी रेल्वे तिथे आहे. घाटमाथ्यापर्यंत जाऊन यायला साधारण तीन तास. पोरं आणि आजोबा दोघंही खूश होतील असं त्या सगळ्या आठवड्यात खात्रीनं सांगता येण्यासारखं तेच. केचिकनला मात्र फरक पडतो. सकाळी ७ ते दुपारी १, म्हणजे सहा जणांचा नाश्ता उरकून बाहेर पडेपर्यंत साडेआठ, आणि साडेबाराला परत आत. पाऊसही असणारच. वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारं गाव आहे, आणि तो चार महिन्यांत उरकत नाही, बारा महिने वाटून पडतो.

आता मुख्य मुद्दा, यजमानांचा.

हिमनदीचा दिवस दोन्ही कार्यक्रमांत आहे असं तुम्हाला वाटतंय, आणि कागदावर तो आहेही. पण एन्डिकॉट आर्म ही अरुंद खाडी. तिच्या टोकाला डॉज हिमनदी. पाण्यात बर्फाचे तुकडे जास्त झाले की मोठं जहाज मधूनच वळतं, आणि मग हिमनदी लांबून, वळणाआडून जेवढी दिसेल तेवढी. जवळ जायचं तर जहाजाच्या कडेला छोटी बोट येते, तिचं तिकीट वेगळं. नशीब असेल तर तो दिवस अप्रतिम असतो. नसेल तर गरम चॉकलेटचा कप हातात घेऊन सगळे आत येतात.

ग्लेशियर बेमध्ये दिवसाला फक्त दोनच मोठ्या जहाजांना प्रवेश आहे. परवाने आधी वाटलेले असतात, म्हणून सगळ्या कंपन्या तिथे जाऊच शकत नाहीत. सकाळी खाडीच्या तोंडाशी एक लहान बोट जहाजाला येऊन चिकटते आणि पार्कचे रेंजर, म्हणजे तिथले रक्षक-मार्गदर्शक, शिडीनं वर चढतात. दिवसभर ते जहाजावरच असतात. ध्वनिक्षेपकावरून सांगत राहतात, डेकवर नकाशा घेऊन उभे असतात, मुलांना ज्युनियर रेंजरच्या वह्या देतात. ती वही तुमच्या अकरा वर्षांच्या नातवंडाला नक्की आवडेल. जहाज शंभरेक किलोमीटर आत जातं. १७९४ साली ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन व्हँकूवरची मोहीम इथून गेली तेव्हा ही खाडी जवळजवळ नव्हतीच, किनाऱ्यापाशीच बर्फाची भिंत होती. १८७९ मध्ये निसर्गअभ्यासक जॉन म्यूर आला तोपर्यंत बर्फ कित्येक किलोमीटर मागे सरकला होता. म्हणजे जहाज ज्या पाण्यातून चालतं ते सगळं पाणी अडीचशे वर्षांपूर्वी बर्फाखाली होतं, आणि दोन्ही काठांवरची झाडी जसजसं आत जावं तसतशी ठेंगणी होत जाते, कारण तिथली जमीनच अलीकडे उघडी पडलेली. शेवटी मार्जरी हिमनदी. दीड किलोमीटरहून रुंद. कप्तान तिच्यासमोर जहाज थांबवतो आणि जागच्या जागी सावकाश फिरवतो, दोन्ही बाजूंच्या लोकांना दिसावं म्हणून. कुठेतरी निळसर कडा सुटतो, पाण्यात कोसळतो, आणि आवाज क्षणभर मागाहून येतो. ज्यांची नजर आवाजाच्या दिशेनं वळते त्यांना फक्त लाट दिसते. म्हणून भिंतीवरची नजर काढू नका, यजमानांनाही सांगून ठेवा.

आता विचार करा, हा सगळा दिवस गावात उतरून बघायचा नाहीच. जहाजावरून बघायचा आहे. मग इथे मार्ग एकीकडे आणि जहाज दुसरीकडे, असे दोन तुकडे पडतातच कुठे? अलास्कात जहाज म्हणजे बसायची जागा, आणि जागा कशी आहे याला फार महत्त्व आहे. तुमच्या जुन्या जहाजावर त्याच पैशांत बाल्कनी मिळतेय, नव्यावर बिनखिडकीची खोली. बाल्कनी म्हणजे सकाळी साडेपाचला शाल गुंडाळून, कुणाला न उठवता, बाहेर उभं राहता येणं. मध्यम आकाराच्या जुन्या जहाजांवर पुष्कळदा सभोवार चक्कर मारता येईल असा लाकडी डेक असतो, आणि हिमनदीच्या दिवशी नाळेकडचा, म्हणजे अगदी पुढचा, डेकही सगळ्यांना मोकळा करतात. नव्या प्रचंड जहाजांचं लक्ष आतल्या बाजूला जास्त असतं. दुकानं, नाट्यगृह, बागा, मधला चौक. त्यात वाईट काही नाही. पण त्या जहाजांचे फोटो कॅरिबियनच्या उन्हात काढलेले असतात. अलास्कात जूनमध्ये दिवसा दहा-पंधरा अंश, वरून रिमझिम. उघड्या डेकवरच्या घसरगुंडीवर सून पोरांना किती वेळ सोडेल, तिलाच विचारा.

‘जुनं जहाज’ या शब्दानं तुम्ही दचकलात. वीस वर्षं हे क्रूझ जहाजाचं काही म्हातारपण नाही. दर काही वर्षांनी ती गोदीत जातात, गालिचे, गाद्या, स्नानगृहं बदलून बाहेर येतात. मुलाला एवढंच शोधायला सांगा की हे शेवटचं गोदीत कधी गेलं होतं. दोन-तीन वर्षांतलं असेल तर चिंता नको. दहा वर्षं झाली असतील तर मात्र मीही नाक मुरडेन. जुन्या जहाजांवर उणं असतं ते वेगळंच. खाण्याच्या जागा कमी, चार्जिंगचे प्लग कमी, आणि रात्री दहानंतर शुकशुकाट. हे शेवटचं तुम्हाला उणं वाटेल असं मला वाटत नाही.

गाडी लागण्याबद्दल. मोठं जहाज कमी हलतं, हे बरोबर आहे, आणि दोन्ही जहाजांना डुलणं कमी करणारे पंख असतात. पण पाणी कुठलं, हे त्याहून महत्त्वाचं. सिअ‍ॅटलहून निघणारी बहुतेक जहाजं व्हँकूवर बेटाच्या पश्चिमेनं, उघड्या पॅसिफिकमधून वर जातात. व्हँकूवरहून निघणारी बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या आडोशाच्या पाण्यातून जातात. क्वीन शार्लट साउंडसारखे एक-दोन उघडे पट्टे तिथेही लागतात, पण ते काही तासांचे. म्हणजे ज्या जहाजाला तुम्ही लहान म्हणून घाबरताय, त्याची वाट जास्त शांत आहे. केबिन घेताना जहाजाच्या मध्यावरची आणि शक्य तितक्या खालच्या मजल्यावरची घ्या, पार पुढची किंवा मागची नको. घाटासाठी अ‍ॅव्होमिन घेत असाल तर ती मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते हे तुम्हाला ठाऊकच असेल. रक्तदाब, काचबिंदू वगैरे काही असेल तर आठवडाभर लागोपाठ घेण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. आणि मळमळलं तर केबिनमध्ये आडवं पडून राहू नका. बाहेर येऊन क्षितिजाकडे बघा. इथेही बाल्कनी उपयोगी.

हे सगळं वाचून तुम्ही सुनेला फोन करून “बाई म्हणाल्या जुनंच बरं” असं सांगाल, तर थांबा. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात खटकलेलं वाक्य आहे, ‘सुनेला पोरांची हौस आहे.’ तिची बाजू एकदा तिच्या जागी उभं राहून बघा. नोकरी करणारी मुलगी. वर्षातली थोडीशी सुटी. त्यात सात दिवस दोन पोरं आणि सासू-सासरे, पाण्यावर, लहानशा जागेत. नव्या जहाजावरचा मुलांचा क्लब सकाळपासून रात्रीपर्यंत चालतो, वयाप्रमाणे वेगळे गट असतात, पोरं तिथून निघायला तयार नसतात. तिला हौस पोरांची असेल, पण त्या क्लबमुळे तिला स्वतःला तासभर निवांत बसायला मिळणार आहे, आणि सासूला हे तोंडावर सांगायचं कसं, म्हणून ती पोरांचं नाव पुढे करत असावी. माझा अंदाज चुकीचाही असेल. पण विचारून बघा. सरळ विचारा, “तुला त्या आठवड्यात स्वतःसाठी काय हवंय?”

आणि उत्तर तेच आलं, तर ते जुन्या जहाजावर कसं देता येईल ते बघता येतं. त्या जहाजाच्या क्लबच्या वेळा काय, ७ आणि ११ ही वयं तिथे एकाच गटात येतात की वेगळ्या, त्या आठवड्यात मुलं बरीच असतात का, हे मुलानं कंपनीला फोन करून विचारावं. जूनमध्ये अमेरिकेतल्या बऱ्याच शाळा सुटलेल्या असतात, तेव्हा मुलं असतील. आणि तुम्ही दोघं दोन संध्याकाळी पोरं सांभाळा. आधी ठरवून, कुठल्या दोन ते सांगून. “आम्ही आहोतच की” असं मोघम म्हणू नका, त्याला कुणी सुटी समजत नाही.

एक तिसरी वाटही आहे आणि मुलानं ती बघितलेली दिसत नाही. सिअ‍ॅटलहून निघणारी, बऱ्यापैकी मोठी आणि नवी, आणि तरी ग्लेशियर बेचा परवाना असलेली जहाजं आहेत. कुठल्या तारखेला कुठली दोन जहाजं आत जाणार याचं वेळापत्रक पार्क स्वतःच जाहीर करतं. मुलाला ते उघडायला सांगा आणि तुमच्या तारखा चार-आठ दिवस पुढेमागे सरकवून बघायला सांगा. वाट उघड्या समुद्रातली राहील, खिशाला जरा जास्त चाट बसेल, पण घरातले दोन्ही पक्ष एकाच जहाजात मावतील. तसंच वेळापत्रक बंदरांचंही बघावं. जूनोनं २०२४ पासून दिवसाला जास्तीत जास्त पाच मोठी जहाजं अशी मर्यादा घातली आहे. पाच जहाजं हीसुद्धा गर्दीच झाली. आणि स्कॅगवे हे हजार-बाराशे वस्तीचं गाव. तिथे तुमच्यासोबत आणखी तीन जहाजं लागणार असतील तर रेल्वेचं तिकीट आधीच काढलेलं बरं.

बाकीच्या वाचकांनी हे वाचून सगळीकडे मार्गच बघायचा असं मात्र ठरवू नये. सिंगापूरहून तीन-चार रात्रींच्या सहलीत पेनांग किंवा फुकेतला एक दिवस मिळतो. तिथे जहाज हीच सहल असते, ते चांगलंच निवडा. मुंबई–गोवा क्रूझचंही तेच. गोवा आपल्याला नवा नाही, जाताना गंमत यावी एवढंच. कॅरिबियनमध्ये एका बेटाचा किनारा दुसऱ्यासारखा वाटू लागतो, काही कंपन्यांनी तर स्वतःची बेटंच तयार केलीत. तिथे २०२४ मध्ये उतरलेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’सारख्या, वीस डेकच्या, साडेसात हजार माणसं मावणाऱ्या जहाजासाठी कुणी गेलं तर त्याला हसू नये. नॉर्वेच्या फ्योर्डना, म्हणजे डोंगरांमधल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्यांना, अलास्काचाच नियम लागू.

भूमध्य समुद्र सगळ्यात फसवा. तिथे कार्यक्रमात ‘रोम’ लिहिलेलं असतं आणि जहाज लागतं चिविताव्हेक्यिया नावाच्या बंदराला, रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर. ‘फ्लोरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो, तेही तेवढंच लांब. २०२१ च्या ऑगस्टपासून मोठ्या जहाजांना व्हेनिसच्या सान मार्को चौकासमोरून जायला बंदी आहे, त्यामुळे ‘व्हेनिस’ छापलेलं असलं तरी बंदर कुठलं ते वाचा. रावेन्ना असेल, ट्रिएस्टे असेल. सँटोरिनीला तर जहाज धक्क्याला लागतच नाही. समुद्रात नांगर टाकतं आणि लहान बोटींतून माणसं किनाऱ्याला नेतात. कोकण बोटीनं प्रवास केलेल्या जुन्या मंडळींना हे सांगायला नको. आगबोट बाहेर उभी, आणि पडावातून किनाऱ्याला. वारा सुटला की पडाव यायचा नाही. तिथेही तसंच, वारा सुटला की ते बंदर रद्द. तेव्हा भूमध्य समुद्रात नावं मोजू नका. बंदरापासून गावापर्यंतचं अंतर आणि धक्का आहे की नांगर, एवढं बघा.

आणि एक गोष्ट मार्गाच्या विरुद्ध जाणारी आहे, ती लपवणार नाही. तिकिटाच्या अटींमध्ये कंपनीनं स्वतःकडे हक्क ठेवलेला असतो, की हवामान, बंदरातली अडचण, काहीही कारणानं एखादं ठिकाण गाळता किंवा बदलता येईल. बंदराचा कर परत मिळतो, बाकी फारसं काही नाही. जहाज बदलत नाही, मार्ग बदलू शकतो. यजमानांना हे आधी सांगा. ग्लेशियर बे धुक्यात बुडालेला असू शकतो. भिंत जागेवर असेल आणि त्या दिवशी एकही कडा कोसळणार नाही, असंही होतं. त्यांनी तरी जायचं म्हटलं, तर मग प्रश्न उरत नाही.

माझं मत विचाराल तर मी व्हँकूवरचं जहाज घेतलं असतं. घड्याळाचे तास तिकडे जास्त, हिमनदीचा दिवस त्यातल्या त्यात खात्रीचा, वाट शांत, आणि त्याच पैशांत बाल्कनी. सुनेच्या क्लबच्या चौकशीचं उत्तर वाईट आलं तर मात्र तारखा सरकवून तिसरी वाट धरली असती. यात एक जागा रिकामी आहे, ती तुमची. पत्रात यजमानांना काय हवंय ते आहे, सुनेला काय हवंय ते आहे, पोरांचं आहे, मुलाचं गप्प बसणंही आहे. तुम्हाला काय बघायचंय ते नाही. “तुम्ही ठरवाल ते” हे आपल्याकडे प्रेमानं म्हणतात, पण त्यानं ठरवणाऱ्याच्या डोक्यावरचं ओझं वाढतं. त्यापेक्षा “मला पहाटे बाल्कनीत बसायचंय” किंवा “मला रोज रात्री नाटक-गाणी बघायचीत” असं काहीतरी नेमकं बोला. शुक्रवारच्या आत बोला.

पैशांचं थोडंसं. दोन्हींचे आकडे सारखे दिसले तरी सेवाशुल्क वेगळं लागतं, माणशी रोजचे साधारण १६ ते २० डॉलर, मुलांचेही. सहा जणांचे सात दिवसांचे साडेसातशे डॉलरच्या घरात जातात. इंटरनेट, किनाऱ्यावरच्या सहली, बाटलीबंद पेयं वेगळी. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचं बिल खात्यावर चढतं, तेव्हा तुमच्या दोघांच्या विम्यात समुद्रातून हलवण्याचा खर्च धरलाय का ते बघा. जेवणाची काळजी नको. शाकाहारी किंवा जैन जेवण हवं तर ते बुकिंग करतानाच नोंदवायचं आणि पहिल्याच संध्याकाळी वाढणाऱ्यांच्या प्रमुखाला परत सांगायचं. तो किंवा त्याच्या हाताखालचा कुणीतरी गोव्याचा, वसईचा निघायची शक्यता बरीच आहे, आणि मग वरण-भाताची सोय तुम्ही न मागता होते. चिवड्याची बंद पाकिटं केबिनमध्ये चालतात. विजेची किटली आणि इस्त्री मात्र बहुतेक जहाजांवर काढून घेतात.

जुनं जहाज घेतलंत तर व्हँकूवरला आदल्या दिवशी पोचा. सिअ‍ॅटलहून गाडीनं साधारण २३० किलोमीटर, पण सरहद्दीवर रांग किती असेल ते सांगता येत नाही, आणि जहाज वाट बघत नाही. अमेरिकेची तपासणी व्हँकूवरच्या धक्क्यावरच होते, तिथेही वेळ जातो.

राहता राहिला कॅनडाचा व्हिसा. भारतीय पासपोर्टवर तो दोन्ही जहाजांना लागतो, रात्री चार तास व्हिक्टोरियाला टेकणाऱ्या जहाजालाही. अमेरिकेचा व्हिसा असला म्हणून सुटका नाही. तुमचा अमेरिकेचा व्हिसा अनेकदा प्रवेशाचा आहे ना, तेही बघून घ्या. मुला-सुनेकडे ग्रीन कार्ड असेल तर त्यांना कॅनडाचा व्हिसा लागत नाही. नोकरीच्या एच-१बी व्हिसावर असतील तर लागतो, आणि त्यांच्या पासपोर्टवरचा अमेरिकेचा शिक्का संपलेला असेल तर परत येण्याबद्दल वकिलाला आधी विचारून घ्यावं. नातवंडं अमेरिकी पासपोर्टवाली असतील तर त्यांचा प्रश्न नाही. बोटांचे ठसे द्यायची तारीख मिळायला वेळ लागतो. जहाजाचं शुक्रवारी ठरू दे, अर्ज तुम्ही आजच भरायला घ्या.